बन्सी मुकादमाची मोजणी

बन्सी भित्रा होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर विहिरी फोडणाऱ्या टोळीचा मुकादम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे उगाच छाती काढून चालणारा, पिळदार मिशांचा गडी उभा राहतो. मिशा बन्सीलाही होत्या, पण त्या खाली उतरलेल्या. सुरुंग उडवायच्या दिवशी त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. बायको मनकर्णा सकाळी भाकरी फडक्यात बांधून द्यायची आणि संध्याकाळी तीच भाकरी, कोर न मोडलेली, पुन्हा सोडायची. "आज बार हुते वाटतं," एवढंच म्हणायची आणि चुलीकडे वळायची.

बहात्तरच्या पावसाने दगा दिला आणि श्रीगोंदा तालुक्यातल्या विहिरींचे तळ उघडे पडले. निम्मा मुलूख दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला. मागे राहिलेल्यांना प्यायला पाणी हवं होतं, आणि ते कुठे असलंच तर कातळाच्या खाली होतं. मग गावोगावहून टोळ्यांना बोलावणी यायला लागली. बन्सीच्या टोळीला तर श्वास घ्यायला फुरसत नव्हती. टोळी म्हणजे केवढी, तर दोघं घण मारणारे, एक यारीवर दगड वर ओढणारा, वाती पेटवणारा गहिनीनाथ, दगडमाती टाकणारी साळूबाई आणि वर हा भित्रा मुकादम.

काम कसं चालायचं ते समजलं की बन्सीची भीतीही समजेल. घण आणि पहारेने कातळात हातभर खोल भोकं पाडायची. त्यात काळी दारू ठासायची, वर माती दाबायची, वात बाहेर ठेवायची. वाती मुद्दाम लहानमोठ्या कापायच्या, म्हणजे बार एकामागून एक उडतात आणि वर बसलेल्याला ते मोजता येतात. जितकी भोकं तितके बार ऐकू आले पाहिजेत. एक जरी कमी आला, तरी एक भोक खाली भरलेलं, झोपलेलं आहे असं समजायचं, आणि पहारेचा एक ठोका त्याला जागं करायला पुरतो. म्हणून सगळ्या टोळ्यांत एकच रिवाज होता. बार कमी आला तर त्या दिवशी खाली कुणी उतरायचं नाही. वरून पाणी सोडायचं, दारू भिजू द्यायची आणि दुसऱ्या दिवशी उजेडात बघायचं.

रिवाज सगळ्यांना पाठ होता. घोडं अडायचं ते मोजण्यात.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात ही टोळी नेवाशाकडे कामाला होती, तेव्हा मुकादम होता गहिनीनाथचा थोरला भाऊ कानिफ. कानिफ म्हणजे आवाज. तो बोलला की विहिरीच्या तळातला माणूस वर बघायचा. बन्सी तेव्हा भोकं पाडायचा आणि कानिफला देव मानायचा. त्या दिवशी आठ भोकं होती. बार उडाले, धूर वर आला आणि कानिफने मांडीवर थाप मारली, "आठ! चला रं." "आठ," सगळे म्हणाले. बन्सीने सात मोजले होते. त्याने तोंड उघडलंही होतं, पण कानिफच्या समोर कोण बोलणार? आपल्याच कानाची चूक असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. वर सगळे आठ म्हणताहेत, आपण एकटे काय शहाणे! उघडलेल्या तोंडाने तो म्हणाला, "आठ."

कानिफ नेहमी पहिला उतरायचा. उतरला, आणि त्याची पहार त्या झोपलेल्या भोकावर बसली. त्याला नगरला नेताना ट्रक अर्ध्या रस्त्यात असतानाच तो गेला. लोक म्हणाले, नशीब. गहिनीनाथ म्हणाला, नशीब. बन्सी काहीच म्हणाला नाही, आणि तेव्हापासून ते न बोललेलं त्याच्या पोटात गोळ्यासारखं बसून राहिलं. वर्षश्राद्धाला कानिफच्या घरी जेवायला बसला तेव्हा त्याच्या ताटात भात तसाच राहिला आणि कानिफची बायको कौतुकाने म्हणाली, "बन्सीभावजींचा लई जीव हुता त्यांच्यावर."

आणि मुकादम कुणी केलं त्याला? गहिनीनाथनेच. "दादा म्हनायचा, बन्सीला दगड कळतो," म्हणाला. बन्सी नको नको म्हणत राहिला, पण खरं कारण सांगितल्याशिवाय नाही कसं म्हणायचं तेही त्याला सुचेना. अशा रीतीने तो मुकादम झाला.

झाला म्हणजे काय, पहिले दोन महिने त्याने टोळीचा नुसता खोळंबा केला. भोक कुठे घ्यायचं हे तो सगळ्यांना विचारायचा, मग पुन्हा विचारायचा, आणि ऊन डोक्यावर आलं तरी घण पडायचा नाही. गड्यांनी त्याचं नाव इचारू मुकादम ठेवलं. ते कानावर आलं तेव्हा त्याने चार दिवस कानिफचा आवाज काढून पाहिला. कुणाला न विचारता दगडाच्या शिरेवरच भोकं घेतली, आणि पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत एका बाजूचा दगड सुटून तळाला गेला. खाली कुणी नव्हतं, एवढंच. "मला ती बाजू ढिली वाटत हुती," यारीवरचा गडी सहज बोलून गेला. "मग बोलला का न्हाईस?" बन्सीने विचारलं. "तुमी एवढ्या जोरात सांगितलं, म्हटलं मुकादमाला ठाऊक असंल."

या उत्तराने बन्सीची झोप उडाली. म्हणजे आता आपणही कानिफ झालो? हे लोक आपल्या तोंडाकडे बघून मोजतात? त्याने पारखून पाहायचं ठरवलं. पुढच्या कामाला सहा भोकं होती. बार उडाले, सगळे सहा नीट उडाले होते, आणि बन्सी मांडीवर थाप मारून म्हणाला, "सात!" "सात," यारीवरचा म्हणाला. "सात," दोघं घणवाले म्हणाले. गहिनीनाथने स्वतः सहा वाती पेटवल्या होत्या, तोही बिडी काढत म्हणाला, "सात." सहा भोकांतून सात बार! दुसऱ्या कुणाला हसून हसून मुरकुंडी वळली असती. बन्सीला घाम फुटला.

मग त्याने खडे काढले. बार सुरू झाले की प्रत्येकाने तोंड फिरवून बसायचं, प्रत्येक बाराला एक खडा मुठीत घ्यायचा, कुणी आवाज करायचा नाही, आणि शेवटी सगळ्यांनी एकदम मुठी उघडायच्या. मुकादमाने सगळ्यात शेवटी. गडी कुरकुरले, लहान पोरांचा खेळ म्हणाले, पण करायला लागले. विचारण्यातही त्याने थोडी रीत आणली. सगळ्यांना सगळं विचारायचं नाही. ज्याचा हात दगडाला लागतो त्याला दगडाचं विचारायचं, ज्याचा दोराला लागतो त्याला दोराचं, आणि आपलं मत तोवर गिळून ठेवायचं. त्याने भीती काही कमी झाली नाही. भाकरी तशीच परत येत राहिली.

साळूबाई टोळीत आली ती दिवाळीनंतर. पन्नाशीची विधवा, अंगाने काटकुळी, आणि कानाने जवळजवळ ठार बहिरी. तिच्याशी बोलायचं तर पुढ्यात जाऊन ओरडावं लागायचं. पहिल्याच खेपेला तिने मूठ उघडली आणि तीत बरोबर सात खडे निघाले, तेव्हा सगळे चाट पडले. बन्सीने ओरडून विचारलं, "मावशे, ऐकू येतं व्हय तुला?"

"न्हाई बा. भुईला बसलं की बुडाला कळतं."

यावर गड्यांनी पुढचे आठ दिवस जे विनोद केले ते इथे सांगण्यासारखे नाहीत. पण साळूबाई बांधावर मांडी घालून बसायची, डोळे मिटायची आणि खडे उचलायची, आणि तिची मोजणी कधी चुकली नाही. बन्सीला तिचा हेवा वाटायचा. बार उडताना तिच्या तोंडावर भीतीची रेघसुद्धा नसायची.

चैत्र सरता सरता टोळी मोहरवाडीत आली. गावची पिण्याची विहीर अकरा परस, म्हणजे अकरा माणसं एकावर एक उभी राहतील एवढी खोल, तळ खडखडीत. श्रीगोंद्याहून टँकर तीन दिवसांनी यायचा, कधी चौथ्या दिवशी. आला की ते पाणी विहिरीतच सोडायचे आणि बायका दोर टाकून भांडायच्या. टोळी आल्यावर मात्र विहीर मोकळी ठेवावी लागली आणि टँकरचं पाणी घराघरात हंड्यांनी वाटून घेतलं जाऊ लागलं. हंडे घेऊन उभ्या राहणाऱ्या बायकांची म्होरकी होती रतनबाई. ती बोलायला लागली की बाप्येमाणसं रस्ता बदलायची. ग्रामसेवक शामकांत भाऊसाहेब धोतर नेसणारे, मऊ बोलणारे, पण दिवसातून चारदा विहिरीवर येऊन "झालं का, बन्सी?" विचारणारे.

सहाव्या दिवशी कातळाला ओल दिसली. पहारेच्या टोकाला चिखल लागला आणि ती पहार गावभर फिरवून आणली. बायकांनी तिला हळदकुंकू वाहिलं. एक थर फोडला की पाणी, असं जो तो म्हणायला लागला. बन्सीने नऊ भोकं घेतली. सगळं गाव लांब बांधावर जाऊन बसलं. गहिनीनाथने वाती पेटवल्या, दोरावरून सरसर वर आला, आणि बार सुरू झाले.

मुठी उघडल्या. नऊ, नऊ, नऊ, गहिनीनाथ नऊ. साळूबाईच्या तळहातावर आठ खडे होते. बन्सीने आपली मूठ उघडली. नऊ.

"बहिरीनं मोजलं आन आमी चुकलो!" यारीवरचा म्हणाला आणि बांधावरचं गावसुद्धा हसलं. गहिनीनाथ तोवर दोर कमरेला बांधायला लागला होता.

बन्सीने स्वतः नऊ ऐकले होते. त्याचे कान शाबूत होते. समोर शंभर माणसं ताटकळलेली, खाली पाणी हातभर लांब, आणि दुसऱ्या बाजूला एका बहिऱ्या बाईचे आठ खडे. पण नऊ ऐकायच्या आधीच आपल्याला नऊ भोकं ठाऊक होती, हे त्याला आठवलं. ठाऊक असलेलं ऐकू येतंच की! त्याने जाऊन गहिनीनाथचा दोर धरला. "खाली जायचं न्हाई. पानी वतायचं."

"पानी?" रतनबाई बांधावरून उठली. "कुटलं पानी?"

कुठलं पाणी, हा सवाल खराच होता. बन्सीने आधी टोळीचा हंडा आणून विहिरीत पालथा केला. एका हंड्याने काय होणार? नऊ भोकांतलं कुठलं राहिलं ते माहीत नाही, सगळा तळ भिजायला हवा. भाऊसाहेब हळूच म्हणाले, "बन्सी, अरे, उद्या टँकर आला नाही तर लोक माझ्या घरावर येतील." बन्सी नुसता हात जोडून उभा राहिला. शेवटी रतनबाईनेच पहिला हंडा आणला, दात खात. मग एकेक घर निघालं. बारा हंडे पाणी, पोरांच्या तोंडचं, कातळावर गेलं. ओतताना एकीच्या डोळ्यांत पाणी आलं ते बन्सीने पाहिलं आणि मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तो एकटा उतरला. चिखल हातांनी उपसत त्याने एकेक भोक तपासलं. नऊच्या नऊ उडालेली होती. दोन भोकं अगदी शेजारी होती, त्यांच्या मधला दगडच नाहीसा झाला होता. दोन बार एकदम उडाले होते, बस्स. बारा हंडे फुकट गेले होते, आणि पाणीही लागलं नव्हतं. ओल होती तेवढीच होती.

वर आल्यावर जे झालं ते काय सांगावं. रतनबाईने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि बन्सी ते ऐकत उभा राहिला, कारण त्यातला एकही शब्द त्याला खोटा वाटत नव्हता. गड्यांनी सगळा राग साळूबाईवर काढला. तिला ऐकू येत नव्हतं, पण तोंडं दिसत होती. दुपारी बन्सी तिच्यापाशी जाऊन बसला.

"मावशे, दोन एकदम उडाले. तुजी चूक न्हाई."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "तिसरा बार डबल बसला बुडाला. लई मोटा. तवाच म्हटलं, ह्ये दोन हायेत का काय."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"किती त्ये इचारता तुमी. कसे त्ये कुनी इचारलं?" तिने पदरातले खडे काढून बांधाखाली टाकले. "आता म्या न्हाई मोजनार. समद्यांचं जेवढं तेवढं माजं."

बन्सीने सगळ्यांना आपापली मोजणी करायला शिकवली होती, मुठी झाकायला शिकवली होती, आणि विचारायचा सवाल मात्र अर्धाच ठेवला होता. आपण किती बिनडोक आहोत याची त्याला लाज वाटली.

टँकर नशिबाने आला. तिसऱ्या दिवशी पुन्हा भोकं तयार झाली, या वेळी सात. गाव या खेपेला बांधावर बसलं होतं ते तमाशा बघायला बसल्यासारखं. बन्सीने साळूबाईच्या हातात खडे बळेच दिले. वाती पेटल्या. बन्सी विहिरीकडे पाठ करून बसला, डोळे घट्ट मिटले, आणि दर बाराला खडा उचलत गेला. एक. दोन. तीन. चार. मग बराच वेळ काहीच नाही. मग पाच. सहा. मग काहीच नाही.

तो वाट बघत राहिला. धूर पांगला. त्याच्या मुठीत सहा खडे होते.

"उघडा," कुणीतरी म्हणालं. सात, सात, सात, गहिनीनाथ सात. साळूबाईनेही मूठ उघडली, सात. ती कुणाच्याच तोंडाकडे बघत नव्हती.

आता खरं तेच सांगायचं तर बन्सीने त्या क्षणी जे केलं ते असं. त्याचा मोकळा हात जमिनीवर गेला आणि त्याने सातवा खडा उचलला. मुठीत घालून टाकला. पुन्हा पाणी मागायचं? पुन्हा रतनबाईपुढे उभं राहायचं? सगळे सात म्हणताहेत, आपण एकटे काय शहाणे! त्याने स्वतःला अगदी तेच शब्द सांगितले, आणि सांगताच ते त्याला ओळखीचे वाटले. समोर गहिनीनाथ कमरेला दोर बांधत होता.

बन्सी धडपडत साळूबाईपुढे जाऊन बसला आणि घसा फोडून ओरडला, "मावशे! खरं सांग. बुडाला किती लागले?"

"तुमी म्हनाल तेवढे," साळूबाई म्हणाली.

बन्सीने मूठ उघडून एक खडा बाजूला टाकला. "माजे सहा हायेत. सातवा म्या आत्ता उचलला, भ्यालो म्हनून."

बन्सी बसल्या बसल्याच गहिनीनाथकडे बघून बोलायला लागला. "गैन्या, तुज्या दादाच्या टायमाला बी मी एक कमी मोजला हुता. आठ भोकं हुती. माजे सात आले हुते. दादा आठ म्हनला आन म्या बी आठ म्हनलो. दोन वर्सं झाली, मी कुनाला बोललो न्हाई. नशीब नव्हतं त्ये. मी हुतो."

गहिनीनाथच्या हातातला दोर तसाच राहिला. तो दोन ढांगांत आला आणि त्याने बन्सीच्या कानफटात अशी ठेवून दिली की बन्सी आडवा झाला. दुसरी मारायला हात उचलला आणि तो हात वरच थांबला. भाऊसाहेब मध्ये पडायला धावले, पण त्यांची गरज लागली नाही. बन्सी उठून बसला. गालावर बोटं उमटली होती आणि विचित्र म्हणजे त्याला हलकं वाटत होतं. भीती होती, पण पोटातला तो जुना गोळा जागेवर नव्हता.

साळूबाईला यातलं किती ऐकू आलं कोण जाणे. पण तिने आपल्या तळहातावरचा एक खडा उचलून टाकला. "सहा," ती म्हणाली.

बन्सी तिच्याकडे सरकला. या खेपेला त्याने सवाल पुरा विचारला. "कसे लागले? कुटं खंड पडला?"

"चौथ्याच्या म्होरं. चौथा लागला, मंग लई येळ काय न्हाई, मंग पुडचा. डबल एक बी न्हाई."

पाचवी वात कुठल्या भोकाची, ते गहिनीनाथला ठाऊक असणार. वाती त्यानेच पेटवल्या होत्या. त्याच्याकडे बघायची बन्सीची हिंमत नव्हती. गहिनीनाथ विहिरीच्या काठावर पाठमोरा उभा होता, तो न वळताच म्हणाला, "उगवतीच्या अंगाचं. कपारीखालचं."

एकच भोक. सगळा तळ भिजवायला नको. टोळीच्या झोपडीत एक हंडा भरलेला होता, सहा माणसांचं उद्यापर्यंतचं पिण्याचं पाणी. तो आणायला गहिनीनाथ स्वतः गेला. दोराला बांधून, उगवतीच्या अंगाला धरून, बोट बोट खाली सोडून त्याने तो कपारीखाली असा रिकामा केला की थेंब बाहेर गेला नाही. कुणीही अडवलं नाही. दिवस मावळायच्या आत रतनबाई झोपडीपाशी आली आणि भरलेली कळशी दाणकन खाली ठेवली. "ही वतायला न्हाई. प्यायला हाय," म्हणाली, आणि वाद घालायला कुणी तोंड उघडायच्या आत निघून गेली.

सकाळी बन्सी उतरला. तो मुकादम झाल्यापासून अशा वेळी नेहमी एकटाच उतरे. कपारीखाली फुटलेल्या दगडांचा ढीग होता. पहार नाही, टिकाव नाही, नुसत्या बोटांनी तो एकेक दगड बाजूला ठेवत गेला. प्रत्येक दगड उचलताना तो मनकर्णाचं नाव घेत होता, देवाचं सुचत नव्हतं. तासाभराने शेवटचा सपाट दगड निघाला आणि खाली मातीने दाबलेलं, जसंच्या तसं, गोल भोक दिसलं. अर्धवट जळलेली वात बाहेर लोंबत होती. भोकाच्या कडेने काळं पाणी पाझरत होतं.

"हाय!" बन्सी ओरडला. त्याला वाटलं आपण ओरडलो, पण आवाज फुटलाच नव्हता. तो दुसऱ्यांदा ओरडला तेव्हा वरून चार डोकी डोकावली.

दोर हलला. कुणी न सांगता गहिनीनाथ खाली येत होता. बन्सी भिंतीला चिकटून उभा राहिला. आणखी एक ठेवून देतो का काय, असं त्याला वाटलं, आणि दिली असती तर त्याने ती घेतलीही असती. गहिनीनाथ भोकापाशी उकिडवा बसला. त्याने एक बोट त्या काळ्या पाण्यात बुडवलं, वर काढलं आणि नुसता बघत बसला. वर बायका ओरडत होत्या, पाणी लागलं का विचारत होत्या. साळूबाईच्या खांद्यावर कुणीतरी थापा मारत होतं. खाली यातलं काहीच पोचत नव्हतं.

"बन्सीभाऊ," गहिनीनाथ म्हणाला. बन्सीला त्याने वर्षभरात मुकादम सोडून दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती. "एकच हंडा लागला रं."

बन्सी त्याच्या शेजारी बसला.

"दादाच्या टायमाला नेवाशाला तर नदी शेजारनं वाहात हुती," गहिनीनाथ म्हणाला, आणि दोघंही त्या ओल्या भोकातली दारू बोटांनी उकरून काढायला खाली वाकले.